बावीस दिवसांची रजा

शंकरराव गेले तेव्हा झिपरी सहा वर्षांची होती, आणि या सहा वर्षांत ती घरात एक दिवसही एकटी राहिली नव्हती. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर शंकररावांनी तिला बदलापूर गावातल्या नदीकाठावरून उचलून आणलं होतं, कुत्रीचं एवढंसं पिल्लू, अंगभर झिपऱ्या. दूध आणायला जायचं असो की पेन्शनसाठी बँकेत, झिपरी त्यांच्या मागे. त्यांची मुलगी यशोधरा उल्हासनगरला एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती. सकाळी साडेसातला निघायची ती संध्याकाळी सातला परतायची. मधला सगळा दिवस त्या दोघांचा.

जलदानाचा विधी आटोपला, पुण्याहून आलेला तिचा धाकटा भाऊ मिलिंद परत गेला आणि यशोधरा कामावर हजर झाली. त्या संध्याकाळी बदलापूरच्याच कात्रप भागातल्या त्यांच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर ती पोचली, तर शेजारच्या सरस्वतीबाई दारातच उभ्या होत्या. कुत्री दिवसभर रडत होती, म्हणाल्या. यशोधराने दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूचं लाकूड खालून सोलून निघालं होतं आणि झिपरीच्या पुढच्या पंजांना रक्त होतं.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी प्रीतम यांनी नोटीस आणून दिली: पंधरा दिवसांत कुत्र्याची अन्यत्र सोय करावी.

मिलिंदचंही फोनवर तेच म्हणणं होतं. कर्जतच्या बाजूला कुणी कुत्री सांभाळतं, तिथे सोडून ये. शेवटी कुत्रंच आहे ते, ताई.

"बाबा गेले हे तुला कळलं, मला कळलं," यशोधरा म्हणाली. "तिला कुणी सांगितलं?"

 मग तिनेच फोन ठेवला.

शनिवारी झिपरीला घेऊन ती डॉक्टर तेजस्वीकडे गेली. डॉक्टर वयाने लहान, पण बोलणं स्पष्ट. पंजांना मलम लावता लावता तिने सांगितलं की हा खोडकरपणा नाही, हट्ट नाही, ही निव्वळ भीती आहे. ओरडून, मारून ती जाणार नाही, उलट वाढेल. तिला आत ठेवून बाहेर पडायचं आणि भीती वाटायच्या आत परत यायचं. सुरुवातीला दहा सेकंद, मग वीस, मग मिनिट. आणि हे चाललंय तोवर तिला एकदाही जास्त वेळ एकटं टाकायचं नाही, नाहीतर सगळं मुसळ केरात.

म्हणजे रजा काढावी लागणार होती. यशोधराच्या नावावर बावीस दिवसांची रजा शिल्लक होती. अर्जात तिने कारण लिहिलं: घरातली कुत्री एकटी राहू शकत नाही, तिला सवय लावायची आहे. सुपरवायझरने अर्ज वाचून चष्मा काढला आणि सल्ला दिला की घरात आजारपण आहे असं लिहा, वर लोक हसतील.

"हसू देत," ती म्हणाली. "कारण खरं आहे. ते बदलणार नाही."

अर्ज तसाच वर गेला आणि त्याच दिवशी मंजूर होऊन आला. लोक हसले म्हणतात.

रविवारी पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग झाली. प्रीतमनी विषय काढला आणि तिच्यापुढे कागद सरकवला, पंधरा दिवसांत कुत्री हलवते म्हणून सही करा. यशोधराने कागद परत सरकवला. सरस्वतीबाईंचे यजमान धर्मराज मागे उभे होते. ते एमआयडीसीत रात्रपाळीला जायचे आणि त्यांची झोप दिवसाची. यशोधराने प्रीतमना सोडून त्यांच्याकडे पाहिलं.

"सोसायटीला कुत्रं काढायला सांगता येत नाही, हा कायदा मला माहीत आहे. पण तुमची झोप मोडते हेही खरं आहे, आणि त्याची माफी मी तुमच्याकडे मागते. आवाज थांबवणं माझं काम. कुत्री मात्र कुठेही जाणार नाही."

 सही न झालेला कागद प्रीतमनी घडी करून खिशात घातला.

सोमवारपासून सुरू झालं. नुसती किल्ली वाजली तरी झिपरी थरथरायची. म्हणून पहिले दोन दिवस यशोधरा किल्ली उचलायची, खांद्याला पर्स अडकवायची आणि सोफ्यावर बसून भाजी निवडायची. तिसऱ्या दिवशी दाराबाहेर दहा सेकंद. मग जिन्याच्या पायरीवर बसून, घरात बसवलेल्या कॅमेऱ्यातून मोबाईलवर तिला बघत वीस सेकंद, चाळीस. आत झिपरी शंकररावांच्या चपलांना नाक लावून बसलेली. चढउतार करणारे लोक यशोधराला वळसा घालून जायचे. कुणी विचारायचं, मॅडम, किल्ली हरवली का? ती म्हणायची, नाही, शाळा चालू आहे.

बाराव्या दिवशी पंचवीस मिनिटं झाली. यशोधरा खाली जाऊन कोथिंबीर घेऊन आली. वडील गेल्यापासून तिने एवढा मोकळा श्वास घेतला नव्हता.

तेराव्या दिवशी ती अशीच खाली गेली असताना प्रीतम दुसरी नोटीस घेऊन वर आले. बेल वाजवली, कुणी उघडेना, पुन्हा वाजवली, दार ठोठावलं. यशोधरा धापा टाकत जिना चढून आली तेव्हा आत झिपरी गळा फाडून रडत होती, आणि धर्मराज लुंगीवरच बाहेर येऊन प्रीतमसमोर उभे होते.

"प्रीतमभाऊ, बारा दिवस मी नीट झोपतोय," ते म्हणाले. "आज मला कुत्रीनं नाही उठवलं. तुमच्या बेलनं उठवलं."

प्रीतमनी नोटीस पुढे केली. यशोधराने ती घेतली, पोच म्हणून सही केली, आणि सहीखाली लिहिलं: कुत्री इथेच राहील. मग आत जाऊन दार लावलं आणि झिपरीला पोटाशी धरून फरशीवर बसली. त्या दिवशी ती बाबांसाठी पहिल्यांदा मोठ्याने रडली.

दुसऱ्या दिवशी झिपरी दहा सेकंदही थांबेना. यशोधराने पुन्हा किल्लीपासून सुरुवात केली.

रजा संपली तेव्हा गाडी पावणेदोन तासांवर आली होती. ड्यूटी नऊ तासांची, वर जाण्यायेण्याचा वेळ. सरस्वतीबाईंनी स्वतःहून विषय काढला. सकाळी आमच्याकडे ठेवा, हे झोपले तरी मी जागी असते. दुपारी हे उठले की तिला फिरवून आणतील, मग तासभर तिच्या घरी बसवू, हळूहळू वाढवू. धर्मराजांना कुत्र्यांची भीती वाटायची, हे यशोधराला त्यानंतर महिनाभराने कळलं. तोवर ते झिपरीला घेऊन पार बदलापूर गावापर्यंत जाऊ लागले होते.

दिवाळीपर्यंत झिपरी पाच तास एकटी राहू लागली. मध्येच एखादा दिवस बिघडायचा, खाली फटाका वाजला की रडायची. प्रीतमनी लिफ्टमध्ये एकदा विचारलं, हे अजून किती दिवस चालणार? लागतील तितके, ती म्हणाली.

एके दिवशी संध्याकाळी तिने दार उघडलं तर झिपरी दाराशी आलीच नाही. शंकररावांच्या कॉटवर चारी पाय वर करून गाढ झोपली होती, घोरत होती. यशोधरा सँडल हातात घेऊन तशीच उभी राहिली. आपली कुणी वाट पाहिली नाही, हे आत कुठेतरी जरा टोचलं. मग तिला हसू आलं, आणि झोपमोड होऊ नये म्हणून तिने स्वयंपाकघरातला दिवासुद्धा लावला नाही.