जावयाला दिलेली चावी

मास्तर कधी शाळेत शिकवायला गेले नव्हते. शिकायलाच जेमतेम गेले होते. पण बाजारात त्यांना सगळे मास्तरच म्हणत, कारण कसलंही आडमुठं कुलूप त्यांच्या हाती आलं की सुतासारखं सरळ व्हायचं. चावी घरात राहून दार लागलं, ऑफिसच्या तिजोरीचा आकडा कुणी विसरलं, कपाटाचं हँडल हातात आलं, की मास्तरांना फोन. स्कूटरला अवजारांची पेटी बांधून मास्तर हजर. आणि हजर झाल्या झाल्या पहिला प्रश्न ठरलेला.

"हे तुमचंच कशावरून?"

आता घामाघूम होऊन स्वतःच्याच दारात उभ्या असलेल्या माणसाला असं विचारल्यावर तो भडकणारच की! भडकायचे लोक. पण मास्तर हटायचे नाहीत. शेजारी बोलवा, कागद दाखवा, मालकाला फोन लावून द्या. त्याशिवाय पेटी उघडायची नाही म्हणजे नाही.

आणि याच माणसानं परवा जावयाला चावी करून दिली. एका शब्दानं काही न विचारता.

मास्तरांची लेक एकुलती एक. नवऱ्याचं घर सोडून वेगळी राहायला लागली होती. नवरा तिला मारत नव्हता. मारत असता तर तुमच्या डोक्यात लवकर उजेड पडला असता, असं मास्तरांची बायको त्यांना तोंडावर म्हणायची, आणि बाई खोटं बोलत नव्हती. तो कामावर जाताना लेकीला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावायचा. "काळजी वाटते हो बाबा, दिवस वाईट आहेत," असं वर साळसूदपणे सांगायचा. कोपऱ्यावरून भाजी आणायची तरी तो येईपर्यंत थांबायचं. एके दिवशी घाईत तो कुलूप लावायला विसरला आणि लेक नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडली ती परत गेलीच नाही.

तिनं नोकरी धरली, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मास्तरांनी स्वतः जाऊन दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप तिच्या दाराला बसवलं. तिनं ते आतून लावून पाहिलं, उघडून पाहिलं, परत लावलं. लहान पोर नवं खेळणं सोडत नाही तशी कितीतरी वेळ तेच करत राहिली. मग म्हणाली, "बाबा, आता मला झोप लागेल." मास्तरांना भरून आलं होतं. त्यांनी तिला चाव्या दिल्या आणि एक मात्र दुकानातल्या फळीवर खिळ्याला अडकवली. सगळ्या नातेवाइकांची एकेक चावी त्या फळीवर असायची. अडीनडीला असावी, हरवली तर धावाधाव नको. मास्तरांची ही जुनीच पद्धत, आणि लेकीलाही ती ठाऊक होती.

परवा जावई दुकानात आला तो अगदी शहाण्यासारखा चेहरा करून. स्टुलावर बसला, डोळे पुसले. "चुकलो मी बाबा. आमचं बोलणं झालंय. तिनंच ये म्हटलंय. फक्त एक चावी करून द्या, तिला परत परत दार उघडायला उठवायला नको."

काय हो काळजी! पण मास्तर विरघळले. गेले कित्येक दिवस जो तो मास्तरांना एकच विचारायचा, लेक कुठे असते, जावई कसे आहेत. मास्तर मूग गिळून बसायचे. आता हे सगळं मिटणार, पोरीचा संसार मार्गी लागणार, या आनंदात त्यांनी खिळ्यावरची चावी काढली आणि यंत्र सुरू केलं. मध्येच एकदा लेकीला विचारावं म्हणून खिशातून फोन काढलाही होता. तो तसाच परत ठेवला.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "जावई आला होता म्हणे दुकानात?"

"आला होता. चहा प्यायला."

"आणि?"

"आणि काय? प्यायला नि गेला."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तरांनी ताटातून मान वर काढली नाही.

आज दुपारी त्यांना एका माल वाहतुकीच्या कंपनीतून बोलावणं आलं होतं. जुना हेडक्लार्क भांडून नोकरी सोडून गेला आणि जाताना तिजोरीचा आकडा डोक्यातच घेऊन गेला. आत टेंडरचे कागद, ते आज गेलेच पाहिजेत. नवा हेडक्लार्क नुसता येरझारा घालत होता.

"करा हो सुरू!"

"मोठ्या साहेबांशी बोलल्याशिवाय नाही."

"अहो, मी इथलाच आहे. ही खुर्ची माझी, हे टेबल माझं. सगळे ओळखतात मला."

"ओळखीवर तिजोरी उघडत नसते," मास्तर म्हणाले. खिळ्यावरची चावी डोळ्यांपुढे आली. त्यांनी ती बाजूला सारली.

साहेबांचा होकार आला. मास्तरांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, पंखा बंद केला, फोन बंद केला. डायलवर बसल्यावर त्यांना कसलाही व्यत्यय चालत नसे. आतल्या चकत्या फिरताना खाच जुळली की बोटाला अगदी बारीक, नख लागल्यासारखं कळतं. तेवढ्यात फोन वाजला की गेलं सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून. ते गुडघे मोडून बसले, डोळे मिटले आणि डायल फिरवू लागले. एक आकडा लागला. दुसऱ्यानं बराच पिच्छा पुरवला. दाराबाहेरून हेडक्लार्क दर थोड्या वेळानं "झालं का?" विचारायचा आणि मास्तर "मेलो नाही अजून" म्हणून त्याला गप्प करायचे.

शेवटी हँडल खाली आलं. टेंडरचे कागद होते. त्या कागदांवर साहेबांची केस काळे करायची बाटली आणि ब्रशही होता. हेडक्लार्कनं घाईघाईनं ती बाटली फायलीमागे सरकवली आणि मास्तरांना पोटभर हसू आलं. हसत हसतच त्यांनी फोन सुरू केला.

लेकीचे फोन येऊन गेले होते. एकामागून एक. मग बायकोचे. मग पुन्हा लेकीचे. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी लेकीला लावला, उचलला नाही. बायकोनं पहिल्याच घंटीला उचलला.

"कुठे मेला होतात? तो तिच्या घरात शिरला होता! पोरगी कामावरून आली तर हा आत बसलेला. दार उघडलं कसं त्यानं? सांगा ना, कसं उघडलं?"

मास्तरांनी अवजारं तशीच पेटीत कोंबली.

"तुम्हीच," बायको म्हणाली. रडतही नव्हती, ओरडतही नव्हती. "चहा प्यायला आला होता नाही का."

स्कूटर कशी चालवली ते मास्तरांना कळलं नाही. सिग्नलला थांबले असतील, नसतील. डोक्यात एकच, पोरगी धड आहे ना. त्याच्याकडे अजून ती चावी आहे. आज रात्री येईल, उद्या येईल, ती झोपली असताना येईल. आधी कुलूप बदलायचं. पेटीत त्याहून भारी कुलूप आहे, नवं कोरं. ते बसवायचं आणि तिच्या पुढ्यात हात जोडायचे. जिना चढताना त्यांना धाप लागली तरी ते थांबले नाहीत.

दार उघडं होतं. लेक दाराशी उभी होती, धडधाकट. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांना दिसलं की दाराशी कुणीतरी गुडघ्यावर बसून स्क्रू आवळतंय. पलीकडच्या बाजारातला कुलूपवाला. मास्तरांनी बसवलेलं कुलूप जमिनीवर वर्तमानपत्रावर पडलं होतं.

कुलूपवाल्यानं वर पाहिलं. "अरे, मास्तर! तुम्ही इथे कसे?"

"माझे वडील आहेत," लेक म्हणाली.

"मास्तरांची मुलगी तुम्ही? मग मला कशाला..." तो मध्येच थांबला. दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि खाली मान घालून पुन्हा स्क्रूला लागला.

"त्यानं काही केलं का तुला?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"नाही. चहा करून पीत बसला होता. माझ्याच कपातून. म्हणाला, घर छान लावलंयस." तिनं आत टेबलावरच्या त्या कपाकडे पाहिलं. "मी किंचाळले तशी वरची माणसं आली. मग गेला."

"बाळ, ती चावी मीच..."

"माहितीये. त्यानंच सांगितलं. तुझ्या बापानं दिली म्हणाला. मला वाटलं, खोटं बोलतोय. मी त्याला सांगितलं, माझे बाबा परक्याला दहा प्रश्न विचारतात, तुला अशी देणारच नाहीत." तिनं जमिनीवरच्या जुन्या कुलपाकडे पाहिलं. "मला एक फोन का नाही केलात, बाबा?"

मास्तरांना काय सांगता आलं असतं? कामात होतो, विसरलो, तो रडत होता, अशी पन्नास उत्तरं होती. आणि खरं उत्तर एकच होतं.

"तू नाही म्हणाली असतीस," ते म्हणाले.

लेकीनं मान डोलावली. तिला ते आधीच कळलं होतं.

कुलूपवाल्यानं कुलूप दोनदा लावून दाखवलं आणि चाव्यांचा जुडगा पुढे केला. मास्तर सगळ्यात जवळ उभे होते, त्यांचा हात सवयीनं पुढे गेला. लेकीनं तो हात बाजूला सारून जुडगा स्वतः घेतला. "सगळ्या आहेत ना यात?" तिनं विचारलं. तो "सगळ्या" म्हणाला आणि आवराआवर करून मास्तरांकडे न बघता जिना उतरून गेला.

मास्तर पेटी हातात धरून तसेच उभे राहिले. आत ये म्हणेल, पाणी देईल, रागावेल, काहीतरी करेल, असं त्यांना वाटत होतं.

"आईला सांगा, मी बरी आहे," लेक म्हणाली. "आणि यायचं असलं की आधी फोन करत जा, बाबा. मी उघडीन."

तिनं दार ओढून घेतलं. आतून कुलूप लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं तिनं ते ओढून पाहिलं, नीट लागलंय ना म्हणून, आणि मास्तर बाहेर उभे राहून ते ऐकत होते.