शेपटी विझेपर्यंत

"शेपटी विझू दे रे आधी! मग चावी!"

बाबांचा हा आवाज गाडी नवी होती तेव्हाचा. अंगणात गुडघाभर बर्फ, मिशीवर श्वास गोठलेला, आणि ओट्यावरून बाबांची हाक. आमच्या डिझेल पिकअपमध्ये स्टिअरिंगच्या चाकामागे एक पिवळा दिवा आहे, वेटोळ्या तारेसारखा. इकडे सगळे त्याला डुकराची शेपटी म्हणतात. चावी अर्धी फिरवली की शेपटी पेटते, इंजिनातल्या तारा तापतात, तापल्या की शेपटी विझते. मग चावी पुरी फिरवायची. तेवढा वेळ मोजायला बाबांनी गाणं बांधलं होतं:

शेपटी पेटली, चूल गं तापली,
बर्फाच्या कुशीत ठिणगी झोपली.
ऊठ गं ठिणगी, उजाडलं दारी,
मासळीचं ओझं खिंडीच्या वरी.

मी दोन ओळींत उरकायचो. धाकटा भाऊ छिल-बोक मात्र चारही ओळी म्हणायचा, तेही ताल धरून.

आमचं काम म्योंगते मासा वाळवायचं. बंदरावरून मासा खिंडीवर आणायचा आणि मांडवावर टांगायचा. रात्री तो गोठतो, दिवसा सुटतो, असं करत करत वसंतापर्यंत सोन्यासारखा पिवळा होतो. थंडी हीच आमची पिकं पिकवणारी. पण त्याच थंडीत डिझेल डुकराच्या चरबीसारखं थिजायचं. एका पहाटे गाडी काही केल्या उठेना. मी घर तापवायच्या बॉयलरच्या टाकीतून डबाभर रॉकेल काढलं आणि गाडीत ओतलं. पहिल्या फेऱ्यात इंजिन उठलं! मग दुसऱ्या दिवशीही ओतलं. डिझेल भरायचा पंप खाली खोऱ्यात, रॉकेल मागच्या दारी. महिन्याभरात टाकीत निम्मं निम्मं झालं. बाबांनी बजावलं होतं, "रॉकेल घराला, डिझेल गाडीला." पण बाबा काय टाकीत नाक घालून बघणार होते?

गाडी अडली तेव्हा स्टिअरिंगवर छिल-बोक होता. ऐन खिंडीत, मागे दोन हजार मासे, आणि आभाळातून बर्फाऐवजी कोमट पाऊस. इंजिनाला तेल ढकलणारा पंप जागच्या जागी जाम झाला. दोन दिवसांनी गाडी ओढून आणली तेव्हा मासळीचा लगदा झाला होता. बाबांनी अंगणात मासळी ओवणाऱ्या सगळ्या बायामाणसांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. "गाणं पुरं म्हणायला जीव जातो का तुझा? घाई करून पंप मारलास!"

छिल-बोकनं माझ्याकडे पाहिलं. मी बर्फाकडे.

त्याच आठवड्यात तो सोकचो बंदरावर निघून गेला. बोटींची इंजिनं दुरुस्त करायला लागला. त्याला तेवीस वर्षं झाली. सणाला फळांची पेटी यायची, माणूस यायचा नाही.

यंदा गाडी पुन्हा रुसली. गावातला मिस्त्री म्हणाला, "काका, भंगारात द्या." अठ्ठ्याऐंशी वर्षांचे बाबा हटून बसले. "खिंडीवर मांडव बघायला जाईन तर याच गाडीतून." शेवटी माझ्या बायकोनं, ओक-बुननं, मला न विचारता फोन केला. "भावजी, तुमच्या दादाला गाडीतलं काय कळतंय? तुम्हीच या."

तो सकाळी आला. केस पिकलेले. ओट्यावर ऊन खात बसलेल्या बाबांपुढे वाकला. बाबांनी त्याला न्याहाळलं आणि पहिलंच वाक्य काढलं, "अजून घाई करतोस?"

"नाही, बाबा."

"काय?"

"नाही म्हटलं!"

मग तो गाडीखाली शिरला. बॅटरी ठीक. चारपैकी दोन तारा मेलेल्या, त्या बदलल्या. तेलाचा फिल्टर उघडला तर तळात साबुदाण्याएवढे बर्फाचे खडे.

"दादा, फिल्टरमधलं पाणी काढतोस कधी?"

"काढतो की."

"कोणत्या साली?"

ओक-बुन मक्याचा चहा घेऊन आली होती, ती खुदकन हसली. त्यानं नवा फिल्टर बसवला. तेल वर चढवायला मी फिल्टरवरचं बटण दाबत राहिलो आणि तो नटातून हवेचे बुडबुडे सोडत राहिला. हाताला बटण कडक लागेपर्यंत दोघं शेजारी शेजारी, लहानपणी विहिरीवर असायचो तसे.

"या नटाचा आटा गेलाय," तो म्हणाला. "जुना पंप आहे का अजून? त्याचा चालेल."

होता. फडताळामागे, तांदळाच्या पोत्यात. तेवीस वर्षांत मी तो ना फेकला ना उघडला. पोतं आणून त्याच्यापुढे ठेवलं.

छिल-बोकनं नट काढून घेतला. मग सवयीनं पंपही खोलला. आतला दांडा ओरबाडलेला, जागोजाग निळा पडलेला. त्यावर त्यानं अंगठा फिरवला.

"कोरडा घासून मेलाय हा," तो हळूच म्हणाला. "डिझेलला ओशटपणा असतो, त्यावरच पंप जगतो. रॉकेलला तो नसतो. शेपटी विझायच्या आत चावी मारली तर गाडी खोकते, धूर ओकते. पंप मरत नाही."

"तुला कधी कळलं?"

"कामाला लागलो त्याच हिवाळ्यात."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. मग थांबायचीच सवय झाली." त्यानं नट आवळला. "बस आत. चावी फिरव."

मी बसलो. शेपटी पेटली. बाहेर उभा राहून तो पुटपुटत होता, चारही ओळी. शेपटी विझली. मी चावी फिरवली आणि म्हातारी गाडी एकदा खोकून उठली. अंगणात मासळी ओवणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

छिल-बोक हत्यारं पुसून पेटीत ठेवू लागला. "निघतो. दुपारी एक बोट यायचीय." ओट्यावरून बाबा ओरडले, "बघ! गाणं पुरं म्हटलं की उठते! तेव्हाच म्हटलं असतंस तर!"

छिल-बोकनं पेटीचं झाकण लावलं.

मी इंजिन बंद केलं. उतरून ओट्यापाशी गेलो आणि बाबांपुढे गुडघे टेकले.

"बाबा, रॉकेल मी ओतलं होतं."

"काय? मोठ्यानं बोल की!"

मासळी ओवणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. फाटकापाशी छिल-बोक पेटी घेऊन उभा होता.

"रॉकेल मी ओतलं होतं!" मी ओरडलो, खिंडीपर्यंत जावं असं. "पंप मी मारला, बाबा! यानं गाणं पुरं म्हटलं होतं! रोज पुरं म्हणायचा!"