पायडलाचं टेबल

"आणि हे ते टेबल!" गाइड पोरगी म्हणाली, तशी दोरीपाशी गर्दी झाली. "सगळी पुस्तकं इथेच लिहिली गेली. खाली लोखंडी पायडल दिसतंय? विचार करताना त्यांना पाय हलवायची सवय होती. म्हणून मुद्दाम बसवून घेतलं."

मागे भाच्याशेजारी उभ्या असलेल्या आत्याला हसूच फुटलं. ज्याच्या घराचं आज संग्रहालय झालं, त्या लेखकाची ती थोरली बहीण.

"काय ठोकून देतेय रे ही!" ती भाच्याला म्हणाली. "माझं शिवणाचं मशीन ते. वरचं मशीन कुठे गेलं? फळी कोणी मारली त्यावर?"

भाचा भिंतीवरचे फोटो बघायला लागला.

धाकट्याने नोकरीला लाथ मारली आणि लिहायला बसला, तेव्हापासून घर चाललं ते या मशीनवर. दिवसभर ती लोकांचे कपडे शिवायची. संध्याकाळी मशीन आत दुमडलं की तो तिथेच कागद पसरायचा. त्याची बायको गेली, तेव्हा त्याचं पोर, हा भाचाही, आत्याच्याच अंगाखांद्यावर वाढलं. "ताई, तुझ्या जिवावर लिहितोय मी," तो म्हणायचा. "एक दिवस जगाला ओरडून सांगेन." ती "पुरे रे, नाटकी!" म्हणून त्याला उडवून लावायची, आणि मनात त्या दिवसाची वाट बघायची. तो गेला तरी बघतच होती. आज इथे कुठेतरी आपल्याबद्दल दोन शब्द असतील, या आशेने सकाळपासून तिचा जीव खालीवर होत होता.

"पोरी, चुकतेयस तू," ती पुढे होत म्हणाली. "त्याने नाही काही बसवून घेतलं."

"आजी, त्यांनी स्वतःच सांगितलंय. ऐका ना." पोरीने बटण दाबलं.

धाकट्याचा आवाज आला. तोच आधी खाकरून घ्यायचा थाट. "हे टेबल मीच बनवून घेतलं. घरात मी एकटा. हाताशी कोणी नाही. पाय हलले की डोकं चालतं, बघा!"

लोक खळखळून हसले. थापा तो पहिल्यापासून मारायचा, पण एकटा? आत्याने भाच्याकडे पाहिलं.

"बाबांनीच सांगितलं होतं, आत्या," तो खाली बघत पुटपुटला. "शेवटच्या आजारात. मशीन काढून टाक म्हणाले. लोकांना आता तसंच माहीत आहे म्हणे."

शेवटच्या आजारात! तेव्हा त्याला घास कोण भरवत होतं? मेल्या, तोंडावर तरी सांगायचंस, असं तिच्या मनात आलं आणि डोळे भरून आले. तिला त्याचा संताप आला. आणि तो ऐकायला उरला नव्हता.

"आजी, तुम्ही ओळखत होतात त्यांना?" पोरीने कौतुकाने विचारलं. सगळे वळून बघायला लागले. भाचा जागच्या जागी चुळबुळला.

आत्याने एकदा त्या पायडलाकडे पाहिलं.

"नाही गं," ती म्हणाली. "नव्हते ओळखत."

लोक पुढच्या खोलीकडे निघाले. भाचा तिच्यामागे जिन्यापर्यंत धावला. "आत्या, थांब, मी सोडतो घरी."

"नको. जाईन मी," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली.