मालपेच्या उतारावर अडकलेला पिस्टन

मी पिस्टन बोलतोय. मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकमधला. तुम्ही मला बहुधा पाहिलं नसेल, कारण आमचं सगळं आयुष्य आतच जातं. चहाच्या छोट्या पेल्याएवढा मी, पोकळ, वरून क्रोमचा मुलामा. ब्रेक दाबला की तेल मला पुढे ढकलायचं आणि मी पॅड चाकाच्या तबकडीवर टेकवायचो. ब्रेक सोडला की केसभर मागे सरायचो. एवढंच माझं काम.

पेडण्याच्या सगुण परबांनी आमची गाडी घेतली तेव्हा ते तुयेच्या कारखान्यात होते. त्यांच्याच खात्यात सदाशिव होते, नदीपलीकडच्या सातार्ड्याचे. ते सकाळी बसने पेडण्याला उतरायचे आणि तिथून दोघे गाडीवरून तुयेला जायचे. असं तेरा वर्षं चाललं. जाताना सगुण चालवायचे, येताना सदाशिव. सगुण देवळात भजनाला तबला वाजवायचे. मागे बसले की त्यांची बोटं सदाशिवांच्या पाठीवर ठेका धरायची आणि सदाशिव गुणगुणत चालवायचे. दोघांचे हात मी ओळखायचो. सगुण ब्रेक एकदम दाबायचे, सदाशिव थोडा थोडा. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

सगुण दर रविवारी गाडी धुवायचे, टाकी पुसून चकचकीत करायचे. ब्रेकचं तेल मात्र त्यांनी एकदाही बदललं नाही. तेल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आमच्याकडे तर चार महिने पाऊस. तेल तांबूस झालं, माझ्या कडेला गंज धरला. पुढे जायचो, पण मागे सरताना अडखळायचो. एकदा कारखान्याच्या आवारात सदाशिवांचं बोट सहज तबकडीला लागलं आणि चटका बसला. चाक तापतंय, दाखवून घे, असं त्यांनी सगुणांना सांगितलं. तू ब्रेकवर बोटं ठेवून चालवतोस म्हणून तापतं, असं म्हणून सगुण हसले.

पुढे एका शुक्रवारी दोघे म्हापशाचा बाजार करून परतत होते. सदाशिव चालवत होते. मालपेच्या उतारावर त्यांनी दोनतीनदा ब्रेक दाबला आणि सोडला. मी सरलो नाही. तबकडी तापली, आतलं तेल तापून फुगलं, त्याने मला आणखी पुढे रेटलं आणि धावतं चाक जागीच थांबलं. गाडी आडवी झाली आणि पिशवीतले उंडे पाव रस्ताभर सांडले. सदाशिवांची बोटं त्या वेळी ब्रेकवर नव्हतीच. हे फक्त मला माहीत होतं.

सदाशिवांना नुसतं खरचटलं. सगुणांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मनगट पहिल्यासारखं वळेना. तबला सुटला. सदाशिव भेटायला आले तेव्हा म्हणाले, ब्रेक आपोआप धरला. सगुण त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "ब्रेक आपसूक धरना नाय, सदा. कोणतरी धरता."

सदाशिव उठून गेले. पुढे सगुणांनी पाळी बदलून घेतली. सात वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. गाडी मागच्या पडवीत, नारळ सोलून उरलेल्या सोडणांच्या ढिगाशेजारी उभी राहिली. उंदरांनी सीट कुरतडली. मी होतो तिथेच पक्का झालो.

मग घरात सून आली, संजना. सगुणांचा मुलगा श्रीनाथ बोटीवर असतो. संजना आयटीआयमध्ये मशीनचं काम शिकलेली. तिला तुयेलाच नोकरी लागली, पण पाळीला जुळणारी बस नव्हती. तिने गाडी मागितली. सगुण नुसती होकारार्थी मान हलवून आत गेले.

तिने पुढचा ब्रेक उतरवला, पॅड काढले, गंज सुटायचं तेल दोन दिवस माझ्या कडेला मुरवलं. पंपाने हवा भरून पाहिली. मी हललो नाही. ओरखडे पडतील म्हणून पक्कड लावायची तिने टाळली. शेवटी नळी परत जोडली, ताजं तेल भरलं, आतली हवा काढली, माझ्यासमोर लाकडाचा तुकडा धरला आणि मुठीजवळचा ब्रेक सावकाश दाबत राहिली. किती वेळ, कोण जाणे. एकदम कट्ट झालं आणि मी सुटलो. त्या क्षणाचं सुख मला सांगता येणार नाही.

मला घेऊन ती ओसरीवर सासऱ्यांकडे आली. "बाबा, तबकडी निळी पडली हा, पॅड जळले हत. उभ्या गाडीचा असा होना नाय. ह्यो चलत्या गाडयेतच अडाकलेलो. ब्रेक सोडलो तरी सुटाचो नाय."

तिला त्या भांडणातलं काही ठाऊक नव्हतं. सगुण मला उलटंसुलटं करून कितीतरी वेळ बघत बसले. मग शर्ट चढवला, मला खिशात टाकलं आणि सातार्ड्याची बस धरली.

सदाशिव परसात झावळ्या गोळा करत होते. त्यांच्या बायकोने, वत्सलाने, हाक मारली तेव्हा ते आले आणि जरा लांबच थांबले. सगुणांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि मला त्यांच्या हातावर ठेवलं. "चूक माझी, सदा. तू तेव्हाच सांगलेलंस."

सदाशिवांनी माझ्या गंजावरून अंगठा फिरवला. मग तोच हात समोर धरला. "सात वर्सां मी ह्यो हात बघतंय," ते म्हणाले. "माकाच वाटाक लागलेला, माझ्याच हातान ब्रेक धरलो असतलो."

वत्सलाने आणलेला चहा तसाच निवला.

माझा क्रोम उडाला होता, त्यामुळे माझ्या जागी नवा पिस्टन बसला. त्याच्या भरवशावर संजना रोज तुयेला जाते. मी सदाशिवांच्या खिडकीत असतो. सगुण अधूनमधून येतात. दोघे बसतात, थोडं बोलतात. मधली वर्षं काही परत येत नाहीत, हे दोघांनाही कळतं.

आता माझ्याकडे कुणाचं काही काम नाही. जाता जाता एवढंच सांगतो. दर दोन वर्षांनी ब्रेकचं तेल बदलत जा. आणि ब्रेक आपोआप धरला असं कुणी म्हणालं, तर त्याला लगेच खोटं पाडू नका. खाली बसा आणि एकदा चाक हाताने फिरवून बघा.