लॅटिनमध्ये पैकीच्या पैकी

मी एक जुना लॅटिन शब्दकोश आहे, मित्रांनो, आणि मला तुमच्यातल्या बऱ्याच जणांची किळस येते. रागावू नका. माझ्या एकोणसाठाव्या पानावर कुणीतरी चघळलेलं च्युइंगगम चिकटवलं आहे. त्याच्याखाली 'प्रेम' हा शब्द कायमचा दबला. तेव्हापासून त्याचा अर्थ सगळे अंदाजानं लावतात.

माझा जन्म बॉस्टनच्या एका छापखान्यात झाला. जाड निळी कापडी बांधणी, कण्यावर सोनेरी अक्षरं. मॅसॅच्युसेट्समधल्या एका हायस्कुलात आलो तेव्हा शिक्षक मला दोन्ही हातांनी उचलायचे. पुढे मुलांनी चीजच्या कुरकुऱ्यांनी नारिंगी झालेली बोटं माझ्यावर पुसली. एक अख्खा हिवाळा तर मी वर्गाचं दार उघडं ठेवायच्या नोकरीत काढला.

२००५ साली अकरावीतल्या अनयानं मला घरी नेलं. तिचे बाबा संजीव पुण्याचे, सॉफ्टवेअरवाले. आई वीणा नागपूरची. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मी मराठी शिकलो. लॅटिनला विभक्त्या सहा आणि मराठीला आठ, हे कळलं तेव्हा दोन दिवस मी मिटून पडलो होतो.

बारावीला लॅटिनचे दोन वरचे कोर्स होते. एकात लढायांचं लांबलचक महाकाव्य, दुसऱ्यात छोट्या कविता. अनयाला कविता हव्या होत्या. पण फॉर्मवर सही बाबांची लागणार होती.

"महाकाव्य घे," बाबा म्हणाले. "पॉटलकला जेवताना सगळे सांगत होते, तेच स्कोअरिंग आहे. अख्खं ट्रान्सलेशन नेटवर मिळतं. पाठ करायचं, संपलं."

"बाबा, आय डोन्ट वॉन्ट द वॉर वन."

"लॅटिनमध्ये द्विवचन आहे का?"

"व्हॉट इज द्विवचन?"

"नाहीये ना? मग संस्कृतपेक्षा सोपं. मला दहावीत अठ्ठ्याण्णव होते."

"झालं सुरू," पोळी उलटत वीणा म्हणाली.

स्कोअरिंग! मित्रांनो, माझ्या पोटात पन्नास हजार शब्द आहेत, त्यात शिव्याही आहेत. पण इतका ओंगळ शब्द एकही नाही.

दोन्ही कोर्सना आधी एक चाचणी होती, महाकाव्यातल्याच एका भागावर. बाबांनी नेटवरून भाषांतराची चौदा पानं छापून आणली आणि अनयाकडून घोटून घेतली. मला कुणी उघडलंसुद्धा नाही. माझ्यावर आमटीचं पातेलं ठेवलं जायचं.

पेपर शून्य घेऊन परत आला. परीक्षेतला उतारा बाराव्या ओळीला थांबला होता. अनया थेट एकविसाव्या ओळीपर्यंत लिहीत गेली होती. उताऱ्यातलं जहाज अजून किनाऱ्याला बांधलेलं, आणि अनयाच्या उत्तरात ते बुडून खलाशी पोहायलाही लागले होते. शिक्षिका मिसेस डॉनली यांनी खाली लिहिलं होतं : 'ही भविष्यवाणी झाली, भाषांतर नव्हे. शुक्रवारी पुन्हा परीक्षा, न वाचलेल्या उताऱ्यावर. शब्दकोश चालेल. नापास झालीस तर दोन्ही कोर्स विसर.'

बाबा पेपराकडे बघत राहिले. "माझंही सेम झालं होतं," ते हळूच म्हणाले. "दहावीच्या बोर्डात, संस्कृतच्या पेपरला. मी सिंह मरेपर्यंत लिहिलं. उताऱ्यात तो नुसता झोपला होता."

"मग?" वीणानं विचारलं.

"मग काय? त्या प्रश्नाला पूर्ण मार्क मिळाले."

"आणि तेच पोरीला शिकवलंस."

अनयानं माझ्यावरचं पातेलं उचलून बाजूला ठेवलं.

शुक्रवारी तिला एकाहत्तर मिळाले. पास. सोमवारी फॉर्म द्यायचा होता, आणि बाबांचं महाकाव्य काही सुटेना. "तुला सेव्हन्टी वन मिळतात, मग सेफ खेळ ना. आणि चार ओळींच्या कवितेत शिकायचं काय असतं?"

"देन ट्राय वन, बाबा."

रविवारी दुपारी ते मला घेऊन बसले. बोटाला थुंकी लावून पान उलटायची त्यांची सवय. शी! पहिल्याच शब्दाला माझ्याकडे अकरा अर्थ निघाले.

"यातला बरोबर कुठला?"

"दॅट्स द होल पॉइंट."

चाळीस मिनिटं गेली. चहा गार झाला. अखेर त्यांनी एक ओळ लिहिली आणि उत्तरपत्रिका द्यावी तसा कागद अनयापुढे सरकवला.

"किती?"

"फोर आउट ऑफ टेन. यू मिस्ड द व्हर्ब."

"चार?" त्यांनी कागद परत ओढला. "थांब, पुन्हा बघतो."

अनयानं फॉर्म पुढे केला. 'छोट्या कविता' या रकान्यासमोर त्यांनी सही केली, तीही मान वर न करता. उरलेला हात माझ्या पानांत क्रियापद शोधत होता. शंभरात अठ्ठ्याण्णव मिळवलेला तो माणूस आयुष्यात पहिल्यांदाच एका वाक्याचा अर्थ स्वतः लावत होता.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची काळजी घ्यायची तर कव्हरं घालून कपाटात मांडू नका. अडलात की उघडा. चुकलात की पुन्हा उघडा. थुंकी तेवढी लावू नका.