सूचनेनुसार केलेलं काम

"इथे सही करा, हेंकेलमनबाई," तिल्मानने कागद पुढे सरकवला.

रोझविथा हेंकेलमनने हातमोजे काढले नाहीत. पिवळ्या दिव्यांच्या या खोलीत ती सव्वीस वर्षं काम करत होती. भिंगं बनवायचा बाटलीतला रस म्हणजे अर्धी काच, अर्धं प्लास्टिक. पांढरा उजेड लागला की जागीच घट्ट होई. व्युर्त्सबुर्गच्या या संस्थेत तिल्मान विद्यार्थी म्हणून आला, तेव्हा नळीत रस कसा ओढायचा हे तिनेच त्याला शिकवलं होतं. तेव्हापासून दोघांचं अरे-तुरे. आज तो 'करा' म्हणाला होता.

कागदावर लिहिलं होतं : नव्या भिंगाच्या शोधात श्रीमती हेंकेलमन यांनी केवळ दिलेल्या सूचनांनुसार काम केले.

"कुणी दिल्या सूचना?"

"हे बघा, पेटंटच्या अर्जात तीनच नावं द्यायचं ठरलंय."

"दोन वर्षं तुझी भिंगं तडकत होती, तिल्मान. आधी क्षणभर उजेड, मग रात्रभर अंधार, मग पुरता उजेड, हे कुणाला सुचलं? तू तर हसलास. म्हणालास, काचेला झोपवतेस की काय!"

त्याने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "साक्षीदाराची सही झालीय."

खाली निळ्या शाईत नाव होतं. गुड्रुन आप्फेलबाख.

गुड्रुन एकोणीस वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर होती. रोझविथाचा नवरा गेला, तेव्हा आठवडाभर तिच्याकडे राहून दोन्ही वेळचं रांधलं होतं तिने. न तडकलेलं पहिलं भिंग हाती आलं, तेव्हा दोघी शाळकरी पोरींसारख्या ओरडल्या होत्या.

रोझविथा कागद घेऊन खाली कँटीनमध्ये गेली. गुड्रुन बटाट्याचं सॅलड खात बसली होती.

"तू होतीस ना गं तिथे?"

गुड्रुनने काटा खाली ठेवला. "होते."

"मग?"

"माझी नोकरीची अजून सहा वर्षं आहेत, रोझी. तुझे दोन महिने राहिलेत. तुला काय फरक पडतो आता?"

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं, तर सही करता आली नसती."

रोझविथा वर गेली. 'दिलेल्या सूचनांनुसार' यावर रेघ मारून तिने 'स्वतःच्या विचाराने' असं लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि कागद तिल्मानच्या टेबलावर ठेवला.

"याचा काही उपयोग नाही," तो म्हणाला.

"तुला नसेल."

अर्ज तीनच नावांनी गेला. जूनमध्ये निरोप समारंभ झाला. तिल्मानने तिच्या कुशल हातांचं तोंडभर कौतुक केलं. टाळ्या वाजवताना गुड्रुन खाली बघत होती.

घरी जाताना रोझविथा माइन नदीच्या जुन्या पुलावर थांबली. ऊन होतं, कठड्याला टेकून माणसं वाइन पीत उभी होती. तिनेही एक पेला घेतला.

"बाजूला जागा आहे का?" एका म्हाताऱ्या जोडप्याने विचारलं.

"आहे की," ती म्हणाली, आणि जरा सरकून उभी राहिली.