सीडारवरचे काळे ओघळ

डेकच्या फळीतल्या स्क्रूचं डोकं कट्कन तुटलं आणि हेल्मीच्या हातातला पेचकस रिकामाच फिरला. तिने शेजारचा स्क्रू पिळून पाहिला. तोही तुटला.

"वहिनी, नवऱ्याला पुरून आलात आणि काळ्या झग्यात फळ्यांवर काय लोळताय?" नणंद लेम्पी दारातून ओरडली. "माणसं येतील आता. इथं खुर्च्या मांडायच्यात."

"तिथंच थांब. पाय टाकशील तर खबरदार."

"का? एवढी जड झाले मी?"

"झालीच आहेस. पण आज ते कारण नाही."

घरामागचा हा डेक म्हणजे सीडार लाकडाच्या फळ्यांचा मोकळा ओटा. उतारावर, दोन पुरुष उंच खांबांवर उभा. खाली नदीकाठचे खडक. हेल्मीच्या मुलाने, रेइनोने, तो बांधला होता, आजारी बापाला पलंगातून उठून कोलंबिया नदीतल्या बोटी बघता याव्यात म्हणून. काम हाती घेतलं त्या दिवसापासून त्याने बाटलीला हात लावला नव्हता. बाप, म्हातारा एइनो, येईल त्याला सांगायचा, "माझ्या पोराचं काम!" आणि पंचेचाळिशीचं ते पोर मान ताठ करायचं.

प्रत्येक स्क्रूखालचे काळे ओघळ हेल्मी हिवाळाभर बघत होती. ती बोटी बांधणाऱ्याची लेक. सीडारचा रस आणि खारी हवा साध्या लोखंडाला कशी खाते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. इथे स्टेनलेसच हवं. पण पाद्र्यालाही न सोडणारी तिची जीभ नवऱ्याचा फुललेला चेहरा बघून टाळ्याला चिकटायची.

ती उताराने खाली उतरली. तुळया पेलणाऱ्या लोखंडी पकडींतही तेच काळे स्क्रू होते, घराच्या आतल्या भिंतींना लावतात ते. एकाला नख लावलं, तर चुरा हातात आला.

वर गाड्या थांबल्याचे आवाज आले. हेल्मी धापा टाकत घरात शिरली. डेकच्या दाराची कडी कधीचीच मोडलेली. तिने खुर्ची ओढली, दारात आडवी लावली आणि वर बसली.

"बाहेर कुणी जायचं नाही. मला वारा सोसत नाही."

"चाळीस माणसं या स्वयंपाकघरात?" लेम्पीने कपाळाला हात लावला.

"उभी राहतील. थडग्यापाशी राहिली ना उभी?"

कॉफीचे कप फिरू लागले. बापाचा टाय लावलेला रेइनो गर्दीतून पुढे आला.

"आई, ऊठ. लोकांना बाबांची जागा बघायचीय."

"नाही."

"आज तरी हेका सोड गं."

ती हलेना. मग त्याला तिचा काळा पडलेला तळवा दिसला. तो वाकला. आवाज एकदम खाली गेला.

"किती तुटले?"

"पिळले तेवढे."

"खालचे पण?"

"खालचे पण."

"या स्क्रूंचा डबा घरातच पडला होता. दुसरे तेव्हा दुकानात नव्हते, मागवले असते तर आठवडे गेले असते. बाबांना तेवढे दिवस आहेत असं वाटत नव्हतं मला."

"बसला ना तो तिथं. रोज बसला."

रेइनोने तोंडावरून हात फिरवला. "चाळीस माणसं चढवणार होतो मी." मग सरळ होत म्हणाला, "स्टेनलेस घेऊन येतो." आणि तो समोरच्या दाराने निघाला.

दुकान गावात होतं. गुत्ता दुकानाच्या भिंतीला भिंत लावून. हेल्मी अर्धवट उठली. कुणीतरी लगेच डेकच्या दाराकडे सरकलं. ती धपकन परत बसली.

"हेल्मी, डेकला काही झालंय का?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"डेकला काय होतंय? माझ्या पोराने बांधलाय. तुझ्या बुटांना दफनभूमीचा चिखल आहे, तो बघ आधी."

बाहेर रेइनोचा ट्रक सुरू झाला. दोन्ही हातांनी दाराची चौकट घट्ट धरून, पाठ डेककडे करून ती बसली. माणसं बोलत होती, कप किणकिणत होते.

"जरा गप्प बसा रे," ती म्हणाली. पण तोवर वळणापलीकडे गेलेल्या ट्रकचा आवाज ऐकू येईनासा झाला होता.